पाऊलखुणा आणि दालने

वस्तुसंग्रहालय ही मूलतः वेगळे करणारी संस्था आहे. जमिनीतून, देवळातून, थडग्यावरून किंवा घरातून वस्तू उचलायची, तिच्यावर साचलेला वापराचा थर पुसायचा, तिला क्रमांक द्यायचा आणि कालानुसार अथवा शैलीनुसार एखाद्या दालनात तिची स्थापना करायची, अशी तिची रीत आहे. या रीतीवाचून प्राचीन कलेचा शास्त्रशुद्ध अभ्यास उभाच राहिला नसता, हे आधी मान्य केले पाहिजे. परंतु वस्तू वेगळी करताना तिची कोणती नाती तुटतात आणि ती पुन्हा जुळवायची तर प्रेक्षकाला संग्रहालयाबाहेर कोठवर चालत जावे लागते, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला गेलेला नाही. दिल्लीत तो विचारणे सोपे आहे. जनपथावरचे राष्ट्रीय संग्रहालय आणि पहाडगंजच्या गल्ल्यांत दडलेले कदम शरीफ ही दोन्ही स्थळे एकाच दिवसात पाहता येतात, आणि एकापाठोपाठ एक पाहिली तर ती परस्परांवर भाष्य करू लागतात.

राष्ट्रीय संग्रहालयाची जन्मकथाच सूचक आहे. १९४७-४८ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल अकादमीने बर्लिंग्टन हाउसमध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्या कलेचे मोठे प्रदर्शन भरवले. त्यासाठी देशभरातील संग्रहालयांतून निवडक वस्तू एकत्र आणल्या गेल्या. ज्या हिवाळ्यात भूमीची आणि माणसांची वाटणी चालू होती, त्याच हिवाळ्यात या उपखंडाचा कलावारसा परक्या राजधानीत एका छपराखाली मांडला गेला होता. परतल्यावर या वस्तू आजच्या राष्ट्रपती भवनात मांडण्यात आल्या. त्या पुन्हा पांगू न देता त्यांच्याभोवती कायमचे संग्रहालय उभारावे, असा विचार झाला आणि १५ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी त्याचे उद्‌घाटन केले. जनपथावरील इमारतीची कोनशिला पंडित नेहरूंनी १९५५ मध्ये बसवली आणि १८ डिसेंबर १९६० रोजी डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते ती खुली झाली. २०२३ मध्ये 'युगे युगीन भारत' या नावाने नॉर्थ आणि साउथ ब्लॉकमध्ये नवे राष्ट्रीय संग्रहालय उभारण्याची घोषणा झाली. म्हणजे मांडणीचा प्रश्न पुन्हा एकदा नव्याने सोडवला जाणार आहे, आणि म्हणूनच जुनी मांडणी काय सांगत आली हे पाहून ठेवणे अगत्याचे आहे.

ही मांडणी प्रेक्षकाला हडप्पापासून हात धरून नेते. मोहेंजोदडोची साडेदहा सेंटिमीटर उंचीची नर्तिका, मग मौर्य, शुंग, सातवाहन, कुषाण, गुप्त, आणि पुढे मध्ययुगीन मंदिरांची शिल्पे, असा पाषाणाचा अखंड प्रवाह आपल्यासमोरून जातो. बाराव्या-तेराव्या शतकाच्या आसपास हा प्रवाह थबकतो. त्यानंतर भेटतात ती लघुचित्रे, हस्तलिखिते, नाणी, शस्त्रे, हिरवट जेडची भांडी, वस्त्रे. पाषाण संपला आणि कागद, धातू, कापड सुरू झाले, असा हा क्रम. तो कोणी कपटाने रचलेला नाही. इस्लामी परंपरेची थोरवी मुख्यतः वास्तुकलेत आहे, आणि वास्तू दालनात आणता येत नाही. घुमट, कमान, चौक आणि पाण्याचा पाट ही त्या कलेची खरी भाषा. ती दिल्लीत सर्वत्र उघड्यावर बोलली जाते. संग्रहालयात उरतात त्या राजवाड्यातल्या हाताळायच्या वस्तू. परिणामी प्रेक्षकाच्या मनावर नकळत असे बिंबते, की प्राचीन भारताने देव घडवले आणि मध्ययुगीन भारताने ऐषआराम. एका माध्यमाच्या मर्यादेतून एका संस्कृतीविषयीचा निवाडा असा तयार होतो.

या निवाड्याला पूर्वपीठिका आहे. जेम्स मिलने १८१७ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात भारताच्या भूतकाळाची हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश अशी विभागणी रूढ केली. जेम्स फर्ग्युसनने १८७६ मध्ये भारतीय वास्तुकलेचा इतिहास लिहिताना बौद्ध, जैन, हिंदू आणि 'इंडियन सॅरसेनिक' अशी धर्माधिष्ठित दालने पाडली. फर्ग्युसनची नजर तीक्ष्ण होती, लेण्यांवरचे त्याचे काम आजही अभ्यासले जाते. पण त्याच्या दालनांच्या भिंती त्याच्या निरीक्षणांपेक्षा अधिक टिकाऊ ठरल्या. या काळातले एक देशी उदाहरण अधिक बोलके आहे. सय्यद अहमद खान यांनी १८४७ मध्ये दिल्लीच्या वास्तूंचा 'आसार-उस-सनादीद' हा ग्रंथ सिद्ध केला. पहिल्या आवृत्तीत वास्तूंच्या बरोबरीने दिल्लीची हयात माणसेही होती. विद्वान, सूफी, हकीम, सुलेखनकार आणि मिर्झा गालिबसारखे कवी यांच्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण होते. १८५४ च्या दुसऱ्या आवृत्तीत कालक्रम काटेकोर झाला, आणि माणसांचे प्रकरण गळाले. ग्रंथ अधिक शास्त्रीय झाला आणि शहर निर्मनुष्य झाले. संग्रहालयाच्या वृत्तीचे सारे लाभ आणि सारी हानी या दोन आवृत्त्यांमधल्या अंतरात साठलेली आहे.

तथापि संग्रहालयातल्या वस्तू आपल्या दालनात निमूटपणे राहतातच असे नाही. मराठी प्रेक्षकाने येथे पितळखोऱ्याच्या यक्षापाशी अवश्य थांबावे. कन्नडजवळच्या सातमाळ्याच्या डोंगरातल्या या लेण्यांचा मलबा १९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली उपसला गेला, तेव्हा ही बुटकी, तुंदिलतनू, हसरी मूर्ती हाती आली. दोन्ही हात वर करून तिने डोक्यावर एक पात्र तोलले आहे. तिच्या हाताच्या मागील बाजूस ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात एक छोटा लेख आहे. ती कण्हदास नावाच्या सोनाराने केली, असे तो सांगतो. सोने घडवणाऱ्याने दगड घडवला, आणि आपले नाव कोरण्यासाठी जागा निवडली ती यक्षाचा हात. यक्षाच्या गळ्यातल्या दागिन्यांची घडण पाहिली म्हणजे हा कारागीर आपला मूळ धंदा विसरला नव्हता हे पटते. हा यक्ष लोकदैवतांच्या परंपरेतला, लेणे बौद्ध भिक्षूंचे, आणि कारागिराचे नाव कृष्णाचे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सह्याद्रीत एकाच दगडावर तीन दालने एकत्र नांदत होती, आणि त्यात कोणाला काही विपरीत वाटल्याची खूण त्या हसऱ्या चेहऱ्यावर तरी दिसत नाही.

दुसरी वस्तू तर संग्रहालय या कल्पनेलाच प्रश्न घालते. उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथे १८९८ मध्ये विल्यम पेपे या जमीनदाराने स्तूप खणला; पुढे १९७० च्या दशकात पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात तेथेच संगजिऱ्याचे करंडक आणि त्यांत अस्थिखंड सापडले. हे अस्थिखंड राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. परदेशी बौद्ध यात्रेकरू त्यांच्यासमोर येतात तेव्हा ते फलक वाचत नाहीत; हात जोडतात, जमिनीवर बसतात, पुटपुटतात. २०२२ मध्ये हे अवशेष मंगोलियाला पाठवले गेले ते राजअतिथीच्या इतमामाने. वस्तूला अतिथीचा मान देणे याचा अर्थ ती वस्तू नाही हे राज्यसंस्थेनेच मान्य करणे होय. पेपेच्या वंशजांकडे राहिलेली त्याच स्तूपातील रत्ने २०२५ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात निघाली, तेव्हा हाच वाद जगभर पेटला: ज्या रत्नांना श्रद्धेने अस्थींपासून वेगळे मानले नव्हते, त्यांची किंमत कोण ठरवणार? लिलाव थांबला आणि त्या वर्षी ती रत्ने भारतात परत आली. ज्या दालनात प्रेक्षक अधूनमधून भक्त होतो, त्या दालनाला संग्रहालय म्हणावे की चैत्य?

आता पहाडगंज. नवी दिल्ली रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेची ही वस्ती मोगल काळात शहाजहानाबादच्या अजमेरी दरवाजाबाहेरची धान्याची बाजारपेठ होती. आज ती स्वस्त हॉटेलांसाठी आणि परदेशी भटक्यांसाठी ओळखली जाते. दिल्लीकर मराठी माणसाला ती नूतन मराठी शाळेमुळेही ठाऊक असते. या वस्तीला लागून नबी करीम नावाचा मोहल्ला आहे. नावाचा अर्थ कृपाळू प्रेषित. आणि मोहल्ल्याला हे नाव मिळाले ते ज्या वास्तूमुळे, तिचे नाव कदम शरीफ, म्हणजे पवित्र पाऊल. घरांनी, दुकानांनी आणि लोंबकळणाऱ्या विजेच्या तारांनी तिला असे वेढले आहे की शोधत गेल्याखेरीज ती दिसत नाही. मात्र एके काळी ती बुरुजांच्या तटबंदीने वेढलेली, छोट्या गढीसारखी स्वतंत्र वास्तू होती, आणि त्या तटाचे व दरवाजाचे अवशेष आजही ओळखता येतात.

ही वास्तू फिरोजशाह तुघलकाची. परंपरा अशी, की मखदूम जहानियां जहांगश्त या नावाने प्रसिद्ध असलेल्या सूफी संताने मक्केहून प्रेषितांच्या पावलाचा ठसा असलेली शिळा आणली. आपल्या मृत्यूनंतर ती आपल्या छातीवर ठेवावी अशी सुलतानाची इच्छा होती. परंतु १३७० च्या दशकात त्याचा लाडका पुत्र फतेहखान बापाआधीच गेला, आणि फिरोजशाहने ती शिळा मुलाच्या कबरीवर बसवली. शिळेभोवती लहानसा हौद केलेला असून त्यातले पाणी भाविक तीर्थ म्हणून घेत आले आहेत. स्वतः फिरोजशाह १३८८ मध्ये वारला आणि हौज खासच्या काठी मातीला मिळाला. मुलासाठी आपले पुण्य सोडून देणाऱ्या बापाची ही कथा ऐतिहासिक पुराव्याच्या कसोटीवर कितपत उतरेल, हा निराळा प्रश्न. परंतु दिल्लीतील बहुतेक राजकबरी सत्तेची स्मारके आहेत, त्यात ही एक शोकाचे स्मारक आहे, एवढे तरी ती निश्चित सांगते.

फिरोजशाह हा मोठा विलक्षण संग्राहक होता. संग्रहालय ही संस्था जन्माला येण्यापूर्वी चारशे वर्षे त्याने संग्रहालयाचे काम केले. अंबाल्याकडील टोपरा गावातला अशोकस्तंभ त्याने उतरवला, तो सावरीच्या कापसाच्या राशीवर निजवला, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवला आणि यमुनेतून होड्यांवरून दिल्लीला आणला. शम्स सिराज अफीफने या खटाटोपाचे सविस्तर वर्णन केले आहे. फिरोजशाह कोटल्यात जामा मशिदीशेजारी पायऱ्यापायऱ्यांच्या इमारतीवर तो उभारला गेला. त्यावरचा लेख वाचण्यासाठी ब्राह्मणांना बोलावले, पण तो कोणालाच लागेना. तो वाचला गेला १८३७ मध्ये, जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली तेव्हा. ज्याला वाचता येत नव्हते ते त्याने जपले, म्हणून पुढच्यांना वाचता आले. याच सुलतानाने विजेने भंगलेला कुतुबमिनार दुरुस्त केला. आणि याच सुलतानाने आपल्या राज्यातील नवी मंदिरे पाडल्याचे स्वतःच्या 'फुतूहात'मध्ये अभिमानाने नोंदवले. ही दोन्ही विधाने एकाच वाक्यात करण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. त्यातले एक गाळले की इतिहासाचा प्रचार होतो.

कदम शरीफचे एक जुने शब्दचित्र आपल्याला लाभले आहे, आणि ते लिहिणारा माणूस दख्खनचा आहे, ही गोष्ट मराठी वाचकाने विशेष लक्षात घ्यावी. निजाम आसफजाहाबरोबर दिल्लीला आलेला दरगाह कुली खान हा अमीर नादिरशहाच्या १७३९ च्या स्वारीच्या काळात तेथे होता. तो पुढे औरंगाबादचा सुभेदार झाला. त्याच्या फारसी टिपणांना 'मुरक्का-ए-दिल्ली' हे नाव मिळाले. मुरक्का म्हणजे चित्रांचा वा सुलेखनाच्या पानांचा संग्रह, अर्थात एक हातात धरायचे संग्रहालयच. त्यात दर्गे आहेत, बाजार आहेत, गवई, नर्तकी आणि कवी आहेत. आणि या सगळ्याचा प्रारंभ कदम शरीफच्या वर्णनाने होतो. त्या शिळेवरून वाहणारे पाणी, ते मिळवण्यासाठी झुंबड करणारे लोक, सणाच्या दिवसांत अंगणात न मावणारी गर्दी, हे सारे तो टिपतो. नुकत्याच लुटल्या गेलेल्या नगराची यादी करायला बसलेल्या माणसाला सुरुवात एका पावलापासून करावीशी वाटली. याच अमीराच्या वंशपरंपरेत सालारजंग घराणे येते, आणि १९५१ मध्ये हैदराबादेत खुले झालेले सालारजंग संग्रहालय हा त्या घराण्याच्या संग्रहवृत्तीचा शेवटचा आविष्कार आहे.

पाऊल हे भारतीय उपखंडातले फार जुने कलाचिन्ह आहे. बुद्धाची मानवी आकृती कोरण्याचा प्रघात पडण्यापूर्वी सांची, भरहुत, अमरावती येथील शिल्पकारांनी त्याची उपस्थिती सूचित केली ती रिकाम्या आसनाने, बोधिवृक्षाने, चक्राने आणि पदचिन्हांनी. जो निघून गेला त्याची खूण म्हणजे पाऊल. देह नाही, पण देह येथून गेला होता याची साक्ष आहे. मूर्ती मानणाऱ्या आणि न मानणाऱ्या दोन्ही परंपरांना हे चिन्ह जवळचे वाटावे, याचे कारण त्याच्या या स्वरूपातच आहे. मूर्ती समोर उभी राहते; पाऊल केवळ दिशा दाखवते. म्हणूनच प्रतिमेचा निषेध करणाऱ्या धर्मातही ते शिरू शकले. अर्थात तेथे ते विनातक्रार शिरले असे नाही. इब्न तैमियासारख्या धर्मवेत्त्यांनी अशा शिळांची सत्यता आणि त्यांची पूजा दोन्ही नाकारली. तरीही बंगालच्या गौड नगरीत नुसरतशाहने १५३०-३१ मध्ये कदम रसूल उभारले, आणि कटकलाही तसे स्थान आहे. विद्वानांचा निषेध आणि लोकांची ओढ यांचा हा झगडा आपल्या कोणत्याही धर्मपरंपरेला अपरिचित नाही.

दिल्लीतच या चिन्हाचा आणखी एक धागा सापडतो. कुतुब परिसरातील कुव्वत-उल-इस्लाम मशिदीच्या अंगणात जो लोहस्तंभ उभा आहे, त्याच्यावरील संस्कृत लेख चंद्र नावाच्या राजाचा असून हा राजा बहुधा चंद्रगुप्त दुसरा असावा, असे अभ्यासक मानतात. लेख सांगतो की हा विष्णूचा ध्वज विष्णुपद नावाच्या डोंगरावर उभारला गेला. विष्णुपद म्हणजे विष्णूचे पाऊल. म्हणजे एका पावलाच्या डोंगरावरून उपटलेला स्तंभ मशिदीच्या चौकात आला, आणि काही मैलांवर दुसरे पाऊल एका सुलतानाने मुलाच्या कबरीवर बसवले. गयेलाही विष्णुपद आहे, आणि त्यावरचे आजचे मंदिर १७८७ मध्ये अहिल्याबाई होळकरांनी बांधवले. महाराष्ट्रात तर पादुकांवाचून उपासनेची कल्पनाच करता येत नाही. औदुंबर, नरसोबाची वाडी, गाणगापूर ही दत्तक्षेत्रे मूर्तीपेक्षा पादुकांची क्षेत्रे आहेत. आषाढीला आळंदीहून निघतात त्या ज्ञानेश्वरांच्या पादुका, आणि त्या सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप देणारे हैबतबाबा आरफळकर हे शिंद्यांच्या पदरचे, अशी वारकऱ्यांची स्मृती आहे. पंढरपुरात नामदेवाची पायरी आहे: तेथे संताने आपल्यासाठी मागितली ती इतरांच्या पावलांखालची जागा. कदम शरीफच्या हौदातले पाणी आणि वाडीच्या पादुकांवरचे तीर्थ यांच्यामागचे तत्त्वज्ञान एक आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. पण ओंजळ पुढे करण्याची क्रिया एक आहे, हे डोळ्यांना दिसते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. 'सारे एकच आहे' असे म्हणून सुस्कारा टाकणे ही इतिहासाची सेवा नव्हे. कुव्वत-उल-इस्लामच्या पूर्वद्वारावरचा लेख सत्तावीस देवालयांचे साहित्य वापरल्याचे सांगतो, आणि तेथील खांबांवरच्या घंटा, साखळ्या, छिन्न आकृती त्याला दुजोरा देतात. त्या अंगणात उभे राहून केवळ समन्वयाची भाषा बोलणे हा त्या दगडांवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय होईल. मराठी माणसाने आपल्या वाट्याचे पानही उलटून पाहावे. १७६० च्या उन्हाळ्यानंतर सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा सैन्याच्या पगाराची तड लागेना, म्हणून लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून तिचे रुपये पाडण्यात आले. आपल्या इतिहासकारांनी त्यामागची निकड समजावून सांगितली आहे आणि ती निकड खोटी नव्हती. परंतु आज त्या छताखाली उभा राहणारा प्रेक्षक जी उणीव पाहतो, तिच्यात आपलाही हात आहे. पहाडगंजलाही स्वतःची जखम आहे. १९४७ च्या सप्टेंबरात दिल्लीतील ज्या वस्त्या दंगलीने होरपळल्या त्यांत ती होती. येथील अनेक मुसलमान कुटुंबे गेली आणि पश्चिम पंजाबातून सर्वस्व गमावून आलेली कुटुंबे येथे वसली. पावलाची शिळा मात्र जागेवर राहिली. भोवतालची माणसे बदलल्यावर पवित्र स्थळाचे काय होते, याचा अभ्यास पिप्रहवालाही करता येतो आणि येथेही.

हे सारे वास्तूंपुरते आणि वस्तूंपुरते मर्यादित असते, तर साहित्याच्या अभ्यासकाने त्यात पडण्याचे प्रयोजन नव्हते. पण भाषा हेही एक संग्रहालय आहे, आणि ते असे की ज्यातली प्रत्येक वस्तू रोज वापरात असते. मराठी घराचे वर्णन करू लागावे: दरवाजा, दिवाणखाना, कमान, हौद, कारंजे, बुरूज, आणि देवघरातली महिरप. महिरप हा शब्द मिहराबवरून आला. मशिदीत मक्केची दिशा दाखवणारा जो कमानदार कोनाडा, त्याचे नाव. आपल्याकडे ते देव्हाऱ्यावर आणि गणपतीच्या मखरावर जाऊन बसले. दिशा दाखवणारी कमान देवाला चौकट झाली. कोणत्याही संग्रहालयाने ही वस्तू कोणत्या दालनात ठेवावी? शिवछत्रपतींनी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध करवला, त्यात फारसी राजशब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तो एका नव्या सार्वभौम सत्तेचा स्वाभिमानी निर्णय होता आणि त्याचे ऐतिहासिक मोल मोठे आहे. दरबाराच्या भाषेवर त्याचा ठसा उमटला. घरातल्या महिरपीला मात्र त्याने हात लावला नाही, किंवा लावला तरी ती ढळली नाही. भाषेचे हे दोन्ही व्यापार, निवडणे आणि मुरवणे, एकाच समाजाचे आहेत.

आपल्या वाङ्मयेतिहासानेही दालने पाडली आहेत. यादवकाल, बहामनीकाल, शिवकाल, पेशवेकाल ही नावे आपण इतक्या सरावाने वापरतो, की ती राजवंशांची नावे असून काव्याची नाहीत याचा विसर पडतो. या दालनांतून फिरताना काही कवी नेहमी दाराशी उभे दिसतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ज्यांनी 'योगसंग्राम' लिहिला. मृत्युंजय या नावाने ओळखले जाणारे शहा मुंतोजी बहामनी. यांना 'मुसलमान मराठी संतकवी' या स्वतंत्र दालनात नेऊन बसवण्यात आले. रा. चिं. ढेरे यांनी त्या नावाचा ग्रंथ लिहून विस्मृतीत गेलेल्या या कवींना उजेडात आणले, हे त्यांचे ऋण आहे. पण ऋण मान्य करूनही पुढच्या पिढीने विचारले पाहिजे, की शेख महंमदांना एकनाथ-तुकारामांच्या दालनात का जागा नसावी? एकनाथांचा 'हिंदू-तुर्क संवाद' आपण विनोदी भारूड म्हणून वाचतो, की दोन दालनांमधल्या भिंतीत पाडलेली खिडकी म्हणून? विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाने 'किताब-ए-नौरस' ही दख्खनीतील गीतरचना सरस्वतीच्या स्मरणाने आरंभली. मराठी भूमीच्या इतक्या निकट घडलेली ही घटना आमच्या वाङ्मयेतिहासाच्या कोणत्याच दालनात दिसत नाही. ती उर्दूच्या इतिहासाला दिली की आपण मोकळे.

दालने मोडून टाकावीत, असे येथे सुचवायचे नाही. क्रम नसेल तर कालाचे भान राहणार नाही, आणि कालाचे भान नसलेली समन्वयाची भाषा ही भाबडेपणाची दुसरी बाजू असते. पितळखोऱ्याचा यक्ष कोणत्या शतकातला हे ठाऊक नसते, तर कण्हदासाच्या प्राकृत लेखाचे मोल कळले नसते. टोपऱ्याच्या स्तंभावरचा लेख वाचला गेला नसता, तर फिरोजशाहने काय जपले हे उमगले नसते. आपल्या नव्या अभ्यासकांकडून अपेक्षा एवढीच, की दालनातून बाहेर पडल्यावर त्यांनी थोडे चालावे. फलकावर लिहिलेले वाचून झाल्यावर, तीच वस्तू किंवा तिचे भावंड कोठे अजून वापरात आहे, कोणाच्या ओंजळीत तिचे पाणी पडते, तिच्यासाठी कोण रडले आणि तिच्यावर कोणी घाव घातला, हेही त्यांनी वाचावे. जनपथावरचे शिल्प आपल्याला काळ शिकवते, पहाडगंजची शिळा त्या काळाचे चालू राहणे शिकवते. आणि साहित्याच्या इतिहासाला या दोन्ही शिकवणींची सारखीच गरज आहे.